संत गाडगेबाबा आणि त्यांच्या धर्मशाळा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र कोणीतरी लिहायचे, असा रिवाज आहे. यंदा अध्यक्षीणबाईंनी ते काम माझ्यावर सोपविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि हातात लेखणीपेक्षा लाटणेच अधिक. म्हणून प्रथम मी नाहीच म्हणत होते. पण कोणावर लिहू, असा विचार करताना एकच नाव पुन्हापुन्हा मनात येऊ लागले, तेव्हा होकार दिला. भगिनींनो, चुकले तर सांभाळून घ्या.

गाडगेबाबा म्हटले की आपल्याला खराटा आठवतो. शाळेत त्यांच्या जयंतीला मुले अंगण झाडतात, फोटो काढतात आणि घरी येतात. २००० साली सरकारने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेही त्यांच्याच नावाने. हे सगळे योग्यच आहे. पण बाबांनी झाडण्याखेरीज दुसरेही एक मोठे काम केले. ज्यांना डोके टेकायला जागा नाही त्यांच्यासाठी त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. हे त्यांनी का केले, हे त्यांचे लहानपण वाचल्याशिवाय कळत नाही.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे परिटाच्या घरी झाला. पाळण्यातले नाव डेबूजी. वडील झिंगराजी, आई सखूबाई, आडनाव जानोरकर. घरी थोडीफार शेती होती, पिढीजात धंदा होता. पण झिंगराजींना दारूचे व्यसन जडले. त्या काळी देवकार्य असो की बारसे, बोकड आणि दारू यांच्याशिवाय पंगत उठत नसे. नवसाच्या निमित्ताने पहिला पेला ओठाला लागायचा आणि मग निमित्त लागत नसे. शेती गेली, शरीर गेले. डेबूजी आठ वर्षांचा असताना झिंगराजी वारले. पोराला या दारूपासून लांब ठेव, असे शेवटच्या दिवसांत त्यांनी बायकोला बजावले होते, असे चरित्रकार सांगतात.

सखूबाई त्या लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे या गावी भावाकडे, चंद्रभानजींकडे राहायला गेली.

हे वाक्य पुस्तकात एका ओळीत संपते. मला मात्र त्या ओळीवरून पुढे जाववेना. याला कारण आहे. आमचे अण्णा सोलापूरच्या एका गिरणीत कामाला होते. गिरणीत असतानाच शिंदी, मग हातभट्टी असे चालले होते. पण भोंगा वाजला की पाय कामाकडे वळत, एवढा तरी धाक होता. पुढे गिरणी बंद पडली आणि तो धाकही गेला. मी तेव्हा सातवीत होते. आधी आईच्या पाटल्या गेल्या, मग शिलाईचे यंत्र गेले, भाडे थकले आणि एक दिवस चाळीतली खोली सोडावी लागली. आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन मोहोळ तालुक्यात मामांकडे गेली. मामा देवमाणूस, मामीही मनाने चांगली. पण भावाच्या दारी राहणाऱ्या बहिणीला पोळीचा दुसरा तुकडा घेताना काय वाटते, हे ज्या बाईने भोगले तिलाच ठाऊक. माझी शाळा तिथेच सुटली. म्हणून सखूबाई त्या दापुऱ्याच्या घरात कशी वावरली असेल, हे मला कोणी सांगावे लागत नाही.

डेबूजी मामाकडे गुरे राखू लागला, नांगर धरू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पण पोरगा कष्टाळू निघाला, आणि गळा गोड. रात्री भजनात जाऊन बसायचा. १८९२ साली कुंताबाईंशी त्याचे लग्न झाले. पुढे मामांची चांगली पिकती जमीन सावकाराच्या कर्जात सापडली. अक्षरशत्रू माणूस अंगठा उठवतो आणि कागदावर काय लिहिले ते सावकारालाच ठाऊक, असा तो काळ. जमीन गेल्याचा घाव चंद्रभानजींना सोसला नाही आणि ते वारले. सगळा संसार तरण्या डेबूजीवर पडला. त्याने कष्ट केले आणि सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तो त्यांच्यासमोर उभा राहिला. गावाने असे धैर्य पूर्वी पाहिले नव्हते. दारूने बापाचे घर बुडाले आणि कर्जाने मामाचे, ही दोन दुःखे त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिली. पुढे आयुष्यभर प्रत्येक कीर्तनात दारू आणि कर्ज हे दोन विषय आले नाहीत असे झाले नाही, ते उगाच नव्हे.

पहिल्या मुलीच्या बारशाची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. भाऊबंद जेवायला आले, पाने मांडली, आणि पानात मटणाऐवजी गोडाचे जेवण. दारूचा थेंब नाही. लोक रागावले, जातीची रीत मोडली म्हणून बोलू लागले. डेबूजीने हात जोडले, पण रीत बदलली ती बदललीच. ज्या घरात पिणारा माणूस असतो तिथे सणवार म्हणजे बायकांच्या पोटात गोळा असतो. त्या दिवशी सखूबाईने निर्धास्त मनाने पंगत वाढली असेल, असे मला वाटते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजी घर सोडून गेले. वय २८. मागे म्हातारी आई, बायको आणि लहान मुले.

इथे मी खरे ते लिहिते. चरित्रांत या दिवसाचे वर्णन मोठ्या आदराने येते, आणि तो आदर मलाही आहे. पण त्या सकाळी जाते कोणी ओढले, गुरांना वैरण कोणी घातली, पोरे बाप कुठे गेला म्हणून विचारू लागली तेव्हा कुंताबाईंनी काय उत्तर दिले, हे माझ्या मनातून जात नाही. पुरुष घर सोडतो तेव्हा तो संत होतो. बाईने सोडले तर गाव काय म्हणते, ते मी लिहायला नको. कुंताबाईंविषयी फार थोडे लिहिलेले सापडते. त्यांच्या नावाची एखादी ओवी आपल्या मंडळात कोणी रचली तर मला आवडेल.

पुढली बारा वर्षे ते भटकत राहिले. अंगावर चिंध्यांचे शिवलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि जवळ एक मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी मागायची, त्यातच पाणी प्यायचे आणि चालताना तेच डोक्यावर पालथे घालायचे. त्यावरूनच लोक गाडगेबुवा म्हणू लागले. गावात शिरले की आधी खराटा चालवायचा. भाकरी मागायची ती काम करून. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागी कीर्तन. हे कीर्तन म्हणजे पुराण नव्हे. ते लोकांना प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर वदवून घेत. कर्ज काढून लग्न करावे का, नवसाला मुके जनावर मारावे का, दारू प्यावी का, पोरांना शाळेत घालावे की नाही. हजार माणसांच्या तोंडून उत्तर निघाले की त्यातला पिणारा माणूस मान खाली घालून बसे. वऱ्हाडी बोली, मधूनच हशा, मधूनच डोळ्यांत पाणी, आणि शेवटी गोपाळाच्या नावाचा गजर. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यापाशी झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. माझ्या मुलाने ते मोबाईलवर लावून दिले, तेव्हा स्वयंपाक करता करता मी पोळी तव्यावर जाळली.

पाया पडायला कोणी वाकले तर बाबा काठी उगारीत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. देवळात जाऊन दर्शनही घेत नसत. पण पंढरीच्या वारीला मात्र ते येत. आता पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यात. आपण एस.टी.त बसतो आणि दीड-दोन तासांत पोहोचतो. बाबा वारीत काय पाहत होते, ते ध्यानात घ्या. लाखो माणसे यायची, राहायला जागा नाही, पाणी स्वच्छ नाही, आणि वारीच्या दिवसांत पटकीची साथ पुष्कळदा यायची. त्यातही अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना कोणी ओसरीवर चढू देत नसे. ज्या चोखोबाचे अभंग सगळे गातात त्याच्याच जातीची माणसे चंद्रभागेच्या वाळवंटात पावसात भिजत रात्र काढायची. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून सानेगुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि मंदिर खुले झाले, ते १९४७ साली. त्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधीच बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधायला घेतली होती. देवाचे दार उघडेल तेव्हा उघडेल, तोवर लेकराबाळांना छप्पर तरी हवे, असा त्यांचा रोकडा विचार दिसतो.

पंढरपुरात मराठा धर्मशाळा आणि परीट धर्मशाळाही त्यांनीच उभारल्या. जातींची ही नावे आज आपल्या कानाला खटकतात. मलाही खटकली. जो माणूस कीर्तनात जात मोडा म्हणून सांगे त्याने जातीच्या नावाने इमारती का बांधाव्यात? मला वाटते, त्या काळी ज्या जातीला जिथे शिरकाव नव्हता तिथे तिच्या हक्काची जागा करून देणे हाच सोपा मार्ग होता, आणि त्या त्या समाजाची माणसे आपल्या नावाच्या कामाला वर्गणीही देत. एखादीला हे पटणार नाही. तिने पुढच्या अंकात लिहावे.

नाशिक, देहू, आळंदी, मूर्तिजापूर येथेही धर्मशाळा झाल्या. ऋणमोचन येथे पूर्णा नदीला घाट झाला. तिथल्या जत्रेत आंधळे, पांगळे, महारोगी यांना बसवून बाबा जेवू घालीत. पैसा कुठून आला, असे कोणी विचारील. मुंबईचे व्यापारी, गावोगावचे शेतकरी, कीर्तनाला आलेल्या बायाबापड्या सगळ्यांनी दिला. बाबा स्वतः त्या पैशाला शिवत नसत. हिशेब दुसऱ्यांकडे. आणि इमारत पुरी झाली की आपण त्यात राहायचे नाही, बाहेर झाडाखाली किंवा झोपडीत पडायचे, आणि भाकरी मागूनच खायची. घरच्या माणसांनाही त्यांनी यातले काही दिले नाही. संस्थांच्या मालमत्तेवर आपल्या नातलगांचा कसलाही हक्क नाही, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. आपण हल्लीच्या संस्था पाहतो, अध्यक्ष वडील, चिटणीस मुलगा, खजिनदार सून. म्हणून ही गोष्ट मी ठळकपणे लिहिते. कुंताबाईंच्या बाजूने मात्र ती कठोरच होती. ज्याच्या नावावर एवढ्या इमारती त्याच्या बायकोने झोपडीत राहायचे.

१९२३ साली त्यांचा तरुण मुलगा गोविंदा गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते. निरोप आला, आणि कीर्तन चालूच राहिले. हा प्रसंग मी एकदाच वाचला. पुन्हा वाचायचे धैर्य झाले नाही.

दारूबंदीचा कायदा मुंबई राज्यात १९४९ साली झाला. बाळासाहेब खेर तेव्हा मुख्यमंत्री होते आणि त्यांची बाबांवर फार श्रद्धा होती. पण कायद्याने गुत्त्याला कुलूप लागले तरी ओढ्याकाठची भट्टी विझली नाही, हे आपल्या आज्यांनी पाहिलेले आहे. पुढे तो कायदाही सैल झाला. बाबांची तऱ्हा वेगळी होती. आधी माणसाला चार लोकांत लाज वाटेल असे करायचे, मग त्याच्या पोराला शाळा, म्हाताऱ्याला आसरा, आजाऱ्याला औषध. नुसता उपदेश करून ते पुढच्या गावाला गेले असते तर त्यांना आज कोणी ओळखले नसते.

व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार लागतो, हे ज्ञान आपल्याकडे पुष्कळ उशिरा आले. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. माझा धाकटा भाऊ अण्णांच्याच वाटेने निघाला होता. त्याला आम्ही तिथे नेले. महिनाभराहून अधिक तो तिथे राहिला. पिणाऱ्यांच्या बायकांसाठीही तिथे सहचरी नावाने बैठका होतात, त्यांना वैनी जात असे. ती परत आली की घरात थोडे मोठ्याने बोलू लागे, ते मला बरे वाटे. भाऊ आज रिक्षा चालवतो. मध्ये एकदा घसरला होता, पुन्हा सावरला. अण्णांच्या वेळी असे काही आम्हाला ठाऊक नव्हते. ते मामांच्या गावी एकदा आईला न्यायला आले होते, पण चालता येत नव्हते इतके प्यालेले होते. आई गेली नाही. नंतर वर्षभरात ते गेले.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा यांचा परस्परांवर मोठा लोभ होता. एकाने परदेशी जाऊन मोठमोठ्या पदव्या मिळवलेल्या, दुसऱ्याला सही येत नव्हती. १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉक्टरसाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, मुलांच्या वसतिगृहासाठी. जी इमारत वीट वीट मागून उभी केली ती अशी सहज देऊन टाकणे सोपे नाही. आपल्या मंडळाची सतरंजी दुसऱ्या मंडळाला द्यायची तर आपली सभा दोन तास चालते.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी सगळ्या कामाची मिळून श्री गाडगे महाराज मिशन ही संस्था मुंबईत स्थापन झाली. आश्रमशाळा, वसतिगृहे, धर्मशाळा हे सगळे तिच्याकडे आले. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत गावोगावचे रोगी येतात, रोग्याला खाट मिळते, पण त्याच्या बायकोने, आईने कुठे राहायचे? ती फुटपाथवर चूल मांडते. हे बाबांच्या नजरेतून सुटले नाही आणि जे.जे. रुग्णालयाच्या शेजारी अशा माणसांसाठी धर्मशाळा झाली. पुढे दादरलाही झाली.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉक्टर आंबेडकर गेले. बाबा तेव्हा स्वतः आजारीच होते. ते दुःख त्यांना फार लागले. चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, मोटारीतून अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा प्राण गेला. ना घर, ना धर्मशाळा, रस्त्यावरच. अमरावतीला त्यांची समाधी आहे आणि त्या भागाला गाडगेनगर म्हणतात. तिथल्या विद्यापीठालाही आता त्यांचे नाव आहे.

शेवटी दादरचे थोडे लिहिते. आमच्या आईला काही वर्षांपूर्वी गाठ निघाली आणि मुंबईला टाटा रुग्णालयात न्यायला सांगितले. सोलापूरच्या गाडीतून पहाटे उतरलो तेव्हा हातात पिशव्या होत्या, राहायला ठिकाण नव्हते. दोन रात्री एका लॉजवर काढल्या, तेवढ्यात जवळचे निम्मे पैसे संपले. रांगेतल्या एका विदर्भातल्या बाईंनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता सांगितला. रुग्णालयाचे कागद दाखवले, नाव लिहून घेतले, आणि नाममात्र भाड्यात दोन खाटा मिळाल्या. शेजारी बंगालचे एक म्हातारे जोडपे, पलीकडे जळगावचे एक लहान मूल, डोक्यावर एकही केस नसलेले आणि दिवसभर हसणारे. कोणी कोणाला जात विचारली नाही. रोग विचारायचे.

जेवण मिळे. पाणी भरपूर असे. आईला त्या पाण्याचेच फार कौतुक. दारात बाबांची तसबीर होती. आई पहिल्या दिवशी तिथे बराच वेळ उभी राहिली. मला वाटले, दमली असेल. मग तिने मला विचारले की या माणसाचा बाप पिऊन मेला होता, हे खरे का. तिने ते लहानपणी कीर्तनात कुणाकडून तरी ऐकले होते. मी हो म्हटले. ती काही बोलली नाही, जाऊन खाटेवर पडली आणि दुपारपर्यंत गाढ झोपली. मुंबईला आल्यापासून ती तेव्हाच पहिल्यांदा झोपली होती.

उपचार सात महिने चालले. तेवढ्यात चार वेळा आम्ही तिथे राहिलो. दुसऱ्या खेपेपासून आई सकाळी उठून आमच्या खाटांपुढची फरशी स्वतः झाडू लागली. तिथे झाडायला माणसे होती, ती नको म्हणत, पण ती ऐकत नसे. त्यानंतर ती तीन वर्षे जगली, आणि गल्लीत कोणी मुंबईला निघाले की आधी तिच्याकडून दादरचा पत्ता लिहून नेत असे. तो पत्ता माझ्या डायरीत अजून आहे. मंडळात कोणाला लागला तर माझ्याकडून घ्यावा.